पराभूत शत्रूचे अनेक जन्म

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक रंगवलेला लाकडी वाघ आहे. लांबी सुमारे पावणेसहा फूट. त्याच्या पंजाखाली लाल डगला घातलेला एक गोरा शिपाई उताणा पडला असून वाघाचे दात त्याच्या गळ्यात रुतले आहेत. वाघाच्या पोटात एक छोटा ऑर्गन बसवलेला आहे आणि बाजूला दांडा आहे. हा दांडा फिरवला की शिपायाचा हात वर-खाली होतो, त्याच्या तोंडून विव्हळण्याचा आणि वाघाच्या तोंडून गुरगुरण्याचा आवाज निघतो. म्हैसूरचा अधिपती टिपू सुलतान याच्या श्रीरंगपट्टणच्या वाड्यातील संगीतमहालात हे यंत्र सापडले. इंग्रजांचा उपहास करण्यासाठी घडवलेली ही वस्तू दोनशेहून अधिक वर्षे इंग्रजांच्याच राजधानीतील सर्वांत लोकप्रिय प्रदर्शनीय वस्तूंपैकी एक ठरावी, ही गोष्ट थोडी विचार करायला लावणारी आहे.

युद्ध संपले की शत्रू मरतो, पण त्याची प्रतिमा मात्र तेव्हाच जन्माला येते. ती प्रथम विजेते घडवतात. मग त्यांची पुढची पिढी ती आपल्या गरजेप्रमाणे दुरुस्त करते आणि कालांतराने ज्यांचा त्या युद्धाशी थेट संबंधही नव्हता असे लोक तिच्यावर हक्क सांगू लागतात. टिपूच्या बाबतीत या साऱ्या अवस्था कागदोपत्री स्पष्ट दिसतात. ४ मे १७९९ रोजी तो श्रीरंगपट्टणच्या तटाशी लढताना मारला गेला. त्यानंतर त्याचे इतके जन्म झाले की मूळ माणूस शोधणे आता इतिहासकारांनाही जड जाते. आज त्याच्या नावावरून कर्नाटकात, आणि अधूनमधून महाराष्ट्रातही, जे वाद पेटतात त्यांतील बहुतेक दारूगोळा या जुन्या कारखान्यातूनच आलेला आहे.

आधी भीती, मग विजय

टिपूविषयी इंग्रजांच्या मनात असलेला द्वेष समजून घ्यायचा तर १७८० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १० सप्टेंबरला कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूर येथे हैदरअली आणि टिपू यांनी कर्नल विल्यम बेली याच्या सुमारे पावणेचार हजारांच्या तुकडीचा धुव्वा उडवला. जवळच मोठी फौज घेऊन थांबलेला जनरल हेक्टर मन्रो मदतीला वेळेवर पोहोचलाच नाही. दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या, चौकोनी व्यूह फुटला आणि उरलेले कैद झाले. भारतात इंग्रजी फौजेचा एवढा दारुण पराभव त्यापूर्वी झालेला नव्हता. बेली १७८२ मध्ये कैदेतच मेला. त्याच्याबरोबर पकडला गेलेला तरुण कॅप्टन डेव्हिड बेअर्ड जवळजवळ पावणेचार वर्षे श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात होता. १७८४ च्या मंगळूर तहानंतर कैदी सुटले आणि त्यांच्या हकिकती इंग्लंडमध्ये पोहोचू लागल्या. जबरदस्तीने झालेली सुंता, धर्मांतर, बेड्या, उपासमार हे त्यांतील विषय. या हकिकती खोट्या होत्या असे नव्हे. मात्र त्या छापल्या आणि वाचल्या गेल्या त्या इंग्रजांच्या अजिंक्यतेच्या कल्पनेला तडा गेलेल्या काळात.

टिपूने या विजयाची आठवण आपल्या पद्धतीने जपली. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतील महालाच्या भिंतीवर त्याने पोल्लिलूरची लढाई रंगवून घेतली. हत्तीवर स्वार हैदर, हाती गुलाबाचे फूल धरलेला शांत टिपू, स्फोट झालेली दारूची गाडी आणि पालखीत बसलेला जखमी बेली असा तो देखावा आहे. विशेष म्हणजे इंग्रजांनी तो पुसून टाकला नाही. उलट १८५० च्या दशकात गव्हर्नर जनरल डलहौसीच्या आदेशाने तो पुन्हा रंगवण्यात आला. आपल्या पराभवाचे चित्र आपल्याच खर्चाने जपण्याचे हे औदार्य, शत्रूचा धोका पूर्णपणे संपल्यावरच सुचते. याच प्रसंगाची कागदावर रंगवलेली एक सुमारे ३२ फूट लांबीची प्रत मार्च २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात ६ लाख ३० हजार पौंडांना विकली गेली.

विजयाची बाजारपेठ

१७९२ च्या तहात टिपूला निम्मे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. लहानग्या राजपुत्रांना जवळ घेणारा कॉर्नवॉलिस हा चित्रकारांचा आवडता विषय झाला. रॉबर्ट होम, मेदर ब्राऊन, हेन्री सिंगलटन अशा अनेकांनी तो रंगवला. शत्रू क्रूर, आणि विजेता त्याच्याच मुलांचा प्रेमळ पालक, हे सूत्र येथे पक्के झाले. लंडनच्या रंगभूमीवर टिपू जिवंत असतानाच, १७९१ पासून, खलनायक म्हणून वावरू लागला होता.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तर या साऱ्याला पूर आला. शहराची लूट झाली. मग लुटीची रीतसर वाटणी करणारी समिती नेमण्यात आली आणि हुद्द्याप्रमाणे हिस्से ठरले. सोन्याने मढवलेले अष्टकोनी सिंहासन फोडण्यात आले. त्यावरील रत्नजडित हुमा पक्षी आणि सोन्याचे मोठे व्याघ्रमुख आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. कठड्यावरच्या लहान व्याघ्रमुखांपैकी एक वेल्समधील पॉविस किल्ल्यात आहे. दुसऱ्या एकाची किंमत १५ लाख पौंड ठरवून ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्या निर्यातीला तात्पुरती स्थगिती दिली. म्हैसूरहून लुटून आणलेली वस्तू आता ब्रिटनचा राष्ट्रीय ठेवा म्हणून राखली जाते, हा युक्तिवाद ऐकताना गंमत वाटल्यावाचून राहत नाही. पॉविसमध्ये टिपूचा छापील सुती कापडाचा तंबूही आहे. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह, म्हणजे प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, याच्याकडून तो तिथे आला. पुढे त्या घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांसाठी वापरला.

विजेत्या सैनिकांसाठी बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत पदक पाडण्यात आले. त्यावर ब्रिटिश सिंह म्हैसूरच्या वाघाला लोळवतो आहे आणि सिंहाच्या वरच्या निशाणावर अरबी अक्षरे आहेत: असदुल्लाह अल् गालिब, म्हणजे ईश्वराचा विजयी सिंह. ही हजरत अलींची उपाधी. तीच टिपूने आपले बोधवाक्य केली होती. तिच्या अक्षरांतून वाघाचा चेहरा साकारणारी नक्षी त्याच्या शस्त्रांवर कोरलेली असे. विजेत्यांनी शत्रूचे राज्य तर घेतलेच, त्याचे बोधवाक्यही उचलले.

१८०० मध्ये रॉबर्ट कर पोर्टर या विशीतल्या चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये मांडले. तिकीट काढून लोक ते पाहायला लोटले. लाकडी वाघ १८०८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत ठेवण्यात आला. येणारा-जाणारा दांडा फिरवी आणि शेजारच्या ग्रंथालयात बसलेले अभ्यासक त्या गुरगुरण्याने वैतागत. कवी जॉन कीट्सच्या एका अपूर्ण दीर्घकवितेतही या यंत्राचा उल्लेख येतो. या वाघाच्या निर्मितीमागे १७९२ मध्ये बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारलेल्या एका तरुण इंग्रजाची घटना असावी, असा एक जुना तर्क आहे. तो तरुण पोल्लिलूरला वेळेवर न पोहोचलेल्या हेक्टर मन्रोचा मुलगा होता.

या सगळ्यामागे केवळ करमणूक नव्हती. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला या महागड्या युद्धाचे लंडनमधील संचालकांपुढे समर्थन करायचे होते. टिपू फ्रान्सशी संधान बांधत होता हे खरे होते. नेपोलियनने जानेवारी १७९९ मध्ये कैरोहून त्याला लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती पडले होते. पण फ्रेंच मदत प्रत्यक्षात येण्याची शक्यता फारशी नव्हती. तेव्हा शत्रू जेवढा भयंकर, तेवढे युद्ध अपरिहार्य, हा हिशेब मांडण्यात आला. अलेक्झांडर बीटसनचा युद्धवृत्तान्त १८०० मध्ये, विल्यम कर्कपॅट्रिकने निवडून अनुवादलेली टिपूची पत्रे १८११ मध्ये आणि मार्क विल्क्सचा तीन खंडांचा दक्षिण भारताचा इतिहास १८१० ते १८१७ या काळात प्रसिद्ध झाला. तिघेही कंपनीचे अधिकारी. टिपूचा द्वेष करणारे आणि त्याला डोक्यावर घेणारे, दोन्ही पक्ष आजही बहुतांशी याच पुस्तकांतील उतारे वापरतात.

शत्रू मोठा होतो

भीती ओसरल्यावर सूर बदलला. १८१४ मध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले तेव्हा सर वॉल्टर स्कॉट याने एका पत्रात नाराजी व्यक्त केली. निदान टिपूसारखे तलवार हाती धरून राजधानीच्या खिंडारात मरण्याचे धैर्य तरी नेपोलियनने दाखवायला हवे होते, असा त्याचा आशय होता. जेमतेम १५ वर्षांपूर्वीचा राक्षस आता शौर्याचा मापदंड झाला होता. फ्रान्समध्ये तो आधीपासूनच नायक होता. एतिएन द जुई याचे टिपूवरील शोकनाट्य १८१३ मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. पुढे ज्यूल व्हर्नने १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीत, समुद्राखालून इंग्रजी जहाजांवर सूड उगवणारा आपला गाजलेला कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आणि टिपूचा पुतण्या असल्याचे सांगून टाकले. बुंदेलखंडचा राजपुत्र म्हैसूरच्या सुलतानाचा पुतण्या कसा, हा प्रश्न फ्रेंच वाचकांना पडला नाही.

इंग्लंडमध्ये या बदलाचे सर्वांत बोलके चित्र डेव्हिड विल्कीने १८३९ मध्ये पूर्ण केले. ते बेअर्डच्या विधवेने काढून घेतले होते. कधीकाळी टिपूच्या कैदेत खितपत पडलेला बेअर्ड १७९९ च्या हल्ल्याचा सेनानी होता आणि त्याच रात्री मशालीच्या उजेडात प्रेतांच्या राशीतून टिपूचा देह शोधण्यात आला. चित्रात बेअर्ड उंच, प्रकाशात उभा आहे. त्याच्या पायाखाली एका तळघराची जाळी दिसते. तो कैदेत होता तेच हे तळघर. मृत टिपूच्या चेहऱ्यावर मात्र चित्रकाराने क्रौर्य ठेवलेले नाही. शत्रू क्षुद्र असेल तर विजयही क्षुद्र ठरतो, हे बेअर्डच्या पत्नीला आणि चित्रकाराला पुरते ठाऊक असावे.

१८५७ च्या उठावानंतर आणखी एक वळण आले. विल्की कॉलिन्सची द मूनस्टोन ही कादंबरी १८६८ ची. इंग्रजीतील आरंभीच्या रहस्यकथांमध्ये तिची गणना होते. तिची सुरुवात श्रीरंगपट्टणच्या लुटीने होते. एक इंग्रज अधिकारी टिपूच्या शस्त्रागारातील हिरा खून करून पळवतो आणि त्याची बाधा त्याच्या घराण्याला होते. येथे पाप लुटणाऱ्याच्या माथी आहे. विजेत्यांच्याच साहित्यात उमटलेली ही अपराधी जाणीव थोडीशीच, पण नोंद घेण्याजोगी आहे.

मराठी कागदांतील टिपू

या साऱ्या गदारोळात एक साक्षीदार सहसा विसरला जातो. तो म्हणजे पेशवाई. मराठे टिपूशी लढले, त्याच्याशी तह केले, इंग्रजांशी हातमिळवणी करून त्याच्यावर चालून गेले आणि शेवटच्या युद्धात बाजूला राहिले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून सिद्ध केलेल्या ऐतिहासिक लेखसंग्रहात या संबंधांची रोजची बाजू दिसते. रसद, बैल, खंडणी, वकिलांची ये-जा, कोणी शब्द मोडला आणि कोणी पाळला, असा हा मजकूर. त्यातील टिपू एक बलाढ्य, हट्टी आणि अविश्वासू शेजारी आहे. राक्षस किंवा स्वातंत्र्यसूर्य यांपैकी काहीही तो नाही.

मराठ्यांना त्याचे कडू अनुभव होते. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले. तेथील व्यंकटराव भावे आणि कारभारी काळोपंत पेठे यांना कैद करून कब्बलदुर्गाच्या किल्ल्यात ठेवले. यातून पेटलेले युद्ध १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहाने थांबले आणि बदामी, नरगुंद, कित्तूर पेशव्यांकडे आले. टिपूनेही शत्रूची आपली प्रतिमा रंगवली होतीच. त्याच्या हस्ताक्षरातील स्वप्नांची वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत ३७ स्वप्ने आहेत. एका स्वप्नात पुरुषवेशातील एक स्त्री येते. मराठे दिसायला पुरुष असले तरी रणात स्त्रियांसारखे ठरतील, असा त्याचा अर्थ टिपूने लावला. प्रत्यक्षात १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन कॉर्नवॉलिसबरोबर श्रीरंगपट्टणसमोर उभे होते.

याच मोहिमेत, १७९१ मध्ये, मराठी इतिहासातील एक लाजिरवाणा प्रसंग घडला. परशुरामभाऊंच्या फौजेतील एका तुकडीने शृंगेरीच्या शंकराचार्यांचा मठ लुटला. शारदेची मूर्ती भ्रष्ट झाली, माणसे मारली गेली. मराठी कागदांत दोष लष्कराच्या मागून चालणाऱ्या लुटारू टोळ्यांवर ठेवलेला आढळतो. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक आर. नरसिंहाचार यांना मठात टिपूची सुमारे ३० कानडी पत्रे मिळाली. त्यांत टिपूने मठाला झालेल्या उपद्रवाचा धिक्कार केला आहे, मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी रोख रक्कम व धान्य देण्याची आज्ञा केली आहे आणि शत्रूच्या नाशासाठी स्वामींनी अनुष्ठान करावे अशी विनंतीही केली आहे. हिंदू फौजेने लुटलेला मठ मुसलमान राजाने सावरला, एवढे सांगून काही जण थांबतात. पण त्याच राजाने अन्यत्र काय केले हे न सांगता थांबणे योग्य नाही.

मराठ्यांच्या दृष्टीने टिपूच्या अंताचा खरा अर्थ नंतर उलगडला. जिंकलेल्या मुलखातील एक तुकडा इंग्रजांनी अटी घालून दुसऱ्या बाजीरावापुढे केला. त्याने तो नाकारला. अवघ्या चार वर्षांनी, एप्रिल १८०३ मध्ये, श्रीरंगपट्टणचा कारभार पाहणारा आर्थर वेलस्ली फौजेसह पुण्यात आला आणि २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात त्याने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. त्याच्या वेगवान हालचालींचे श्रेय बऱ्याच अंशी म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांना जाते. ती पैदास हैदर आणि टिपू यांनीच वाढवली होती.

ज्यांची आठवण वस्तुसंग्रहालयात नाही

टिपूच्या प्रतिमेचा एक हिस्सा ना इंग्रजांनी बनवला, ना राष्ट्रवाद्यांनी. तो घराघरांत जपला गेला. मंगळूरच्या कोकणी भाषक ख्रिस्ती समाजाचे पूर्वज गोव्याकडून स्थलांतरित झालेले. १७८४ मध्ये इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून टिपूने त्यांना एकाच वेळी धरून श्रीरंगपट्टणला चालवत नेले. चर्च पाडण्यात आली. बंदिवानांचे आकडे ३० हजारांपासून ८० हजारांपर्यंत दिले जातात. अनेक जण वाटेतच मेले, अनेकांचे धर्मांतर झाले आणि जे वाचले ते १७९९ नंतरच परतू शकले. कोडगूतील कोडव समाजाच्या वाट्याला १७८५ च्या सुमारास असेच सामूहिक बंदिवान होणे आले. मलबारात धर्मांतरे आणि देवळांचा विध्वंस झाला. टिपूच्या स्वतःच्या पत्रांत त्याचा अभिमानाने उल्लेख आहे. मेलकोटेचे मंड्यम अय्यंगार आपल्या पूर्वजांची नरकचतुर्दशीला कत्तल झाली म्हणून त्या दिवशी दिवाळी करत नाहीत. या घटनेला समकालीन लेखी पुरावा तुटपुंजा आहे, पण परंपरा दृढ आहे.

दुसरीकडे, वाड्याला लागून असलेल्या श्रीरंगनाथाच्या मंदिराला टिपूने चांदीची भांडी दिली. नंजनगूडच्या मंदिरातील पाचूसारख्या हिरव्या दगडाचे लिंग त्याचीच देणगी मानले जाते. पूर्णय्या हा ब्राह्मण त्याचा प्रमुख कारभारी होता. तोच पुढे इंग्रजांनी गादीवर बसवलेल्या पाच वर्षांच्या वडियार राजाचा दिवाण झाला. बंड करणाऱ्या किंवा शत्रूला मिळालेल्या प्रदेशातील प्रजेवर कहर आणि निष्ठावंत प्रजेच्या देवस्थानांना इनामे, असे हे धोरण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. तथापि ज्यांच्या पणजोबांना बेड्या घालून चालवत नेले, त्यांचे त्याने समाधान होण्याचे कारण नाही.

प्रजासत्ताकातील नवा जन्म

स्वातंत्र्यानंतर टिपूला राष्ट्रनायकाचे स्थान मिळाले. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रित केलेल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात सोळाव्या भागाच्या आरंभी झाशीची राणी आणि टिपू यांची चित्रे आहेत. भगवान गिडवानी यांची कादंबरी १९७६ मध्ये आली. तिच्यावर आधारित संजय खान यांची दूरदर्शन मालिका १९९० मध्ये सुरू झाली. चित्रीकरणाच्या वेळी म्हैसूरच्या स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी लागलेल्या आगीत ६० च्या आसपास माणसे मरण पावली होती. मालिकेवर आक्षेप आले, कज्जे झाले आणि ती कल्पित कथेवर आधारित असल्याची सूचना देऊन ती दाखवली गेली. म्हैसूरच्या अग्निबाणांना विज्ञानाचा मान डॉ. अब्दुल कलाम यांच्यामुळे मिळाला. अमेरिकेतील वॉलॉप्स येथील अवकाश केंद्रात पाहिलेल्या टिपूच्या अग्निबाणांच्या चित्राविषयी त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील एका जुन्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले. गिरीश कार्नाड यांनी स्वप्नांच्या वहीवरून लिहिलेले नाटक, मूळ १९९७ मध्ये बीबीसी रेडिओसाठी योजलेले, हे या साऱ्यांत अधिक संयत. त्यात टिपू मुलांवर प्रेम करणारा, चुका करणारा, एकटा पडलेला माणूस आहे.

तलवारींचा प्रवास वेगळाच. २००३ मध्ये विजय मल्ल्या यांनी लंडनच्या लिलावात टिपूची म्हणून एक तलवार घेतली आणि २००४ च्या निवडणुकीच्या वेळी ती जाहीर केली. ती अपशकुनी ठरल्याने आपण देऊन टाकल्याचे त्यांच्या वतीने सांगण्यात आल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या. कॉलिन्सच्या वाचकांना यात ओळखीचे काही आढळेल. मे २०२३ मध्ये टिपूच्या शयनगृहात सापडलेली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली. विजयी फौजेने ती ज्याला भेट दिली होती तो अधिकारी म्हणजे पुन्हा डेव्हिड बेअर्डच.

कर्नाटकातील राजकारणात टिपू हे निशाण गेल्या दशकात वेगाने हातोहात फिरले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात २०१४ मध्ये त्याचा चित्ररथ होता. २०१५ मध्ये काँग्रेस सरकारने १० नोव्हेंबरला सरकारी जयंती सुरू केली. पहिल्याच वर्षी मडिकेरीत हिंसाचार होऊन बळी गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी कर्नाटक विधिमंडळात टिपूच्या वीरमरणाचा गौरव केला. जुलै २०१९ मध्ये येडियुरप्पा सरकारने जयंती रद्द केली. हेच येडियुरप्पा २०१२ मध्ये वेगळ्या पक्षात असताना टिपूसारखा फेटा बांधून मंचावर दिसले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये टिपू एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी वडियार एक्स्प्रेस झाली आणि डिसेंबरात मंदिरांतील सलाम आरतीचे नाव बदलण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये मालाडच्या मालवणीतील मैदानाच्या नावावरून आंदोलन झाले. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात दंगल झाली. शाहू महाराजांच्या गावात टिपूवरून दगडफेक व्हावी, आणि पटवर्धनांचे दप्तर उघडून पाहण्याची कोणालाच गरज वाटू नये!

मारेकरी कोण?

टिपूला कोणी मारले याचे उत्तर समकालीन इंग्रजी वृत्तान्तांत आहे, पण नावाविना. जखमी होऊन पडलेल्या टिपूचा रत्नजडित कमरपट्टा एका शिपायाने खेचला. टिपूने तलवारीचा वार करून त्याचा गुडघा जखमी केला. शिपायाने बंदूक झाडली, गोळी कानशिलात लागली. टिपूच्या जवळ असलेल्या राजाखान या सेवकाने ही हकिकत सांगितली. शिपायाला आपण कोणाला मारले हे बहुधा कळलेही नाही आणि तो कधी पुढे आला नाही.

मार्च २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, या रिकाम्या जागी दोन नावे आली. उरी गौडा आणि नंजे गौडा या वोक्कलिगा वीरांनी टिपूला मारले, असे सांगितले जाऊ लागले. मंड्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यासाठी उभारलेल्या एका कमानीला त्यांची नावे देण्यात आली आणि वाद होताच ती बदलण्यात आली. त्यांच्यावर चित्रपटाची घोषणाही झाली. अखेर वोक्कलिगा समाजाच्या आदिचुंचनगिरी मठाचे निर्मलानंदनाथ स्वामी यांनी पुराव्याशिवाय असे काही करू नये, अशी समज निर्मात्याला दिली आणि चित्रपट बारगळला. इंग्रजांनी शत्रू रंगवला होता, येथे त्याचा मारेकरी रंगवण्याचा प्रयत्न झाला. मात्र समाजातीलच एका अधिकारी व्यक्तीने पुरावा मागितला, हे विशेष.

म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरील श्रीरंगपट्टणच्या छोट्या बेटावर हे सर्व जन्म आज शेजारी-शेजारी आहेत. पाण्याच्या दरवाजापासून थोड्या अंतरावर टिपूचा देह सापडला ती जागा दगडी फलकाने दाखवली आहे. वेढ्यात पडलेल्या इंग्रजी फौजेच्या सैनिकांसाठी म्हैसूरच्या वडियार महाराजांनी १९०७ मध्ये उभारलेला स्तंभ तटाजवळ आहे. पूर्वेकडे हैदर आणि टिपू यांचा गुंबज आहे. आतल्या भिंती वाघाच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या असून हस्तिदंती नक्षीचे दरवाजे डलहौसीने दिलेले आहेत. याच गुंबजाच्या आवारात आणखी एक लहान स्मारक आहे. पोल्लिलूरला हरलेल्या आणि श्रीरंगपट्टणला कैदेत मेलेल्या कर्नल बेलीचे ते स्मारक १८१६ मध्ये त्याच्या पुतण्याने उभारले. पर्यटकांच्या बसगाड्या तिथे सहसा थांबत नाहीत.